बोडीतले शिंगाळे

१२ जानेवारी १९५५
थंडी. पटावर एकोणीस, हजर सात. बाकीचे धान चुरायच्या कामावर. सात जणांना नद्या शिकवल्या. वर्धा, वैनगंगा, पुढे दोघी मिळून प्राणहिता. प्राणहितेचं नाव आलं तशी पोरं पाटीवरून मान वर करून माझ्याकडे पाहायला लागली. मी नाव घेतलं, फळ्यावर लिहिलंही. काही झालं नाही.

सदाला जाऊन चार महिने झाले. सदाशिव, माझा धाकटा भाऊ. भादव्याच्या पुरात डोंगा उलटला. डोंगा तीन कोसांवर मिळाला, तो मिळाला नाही. एवढं वहीत लिहायला चार महिने लागले, आणि लिहून झाल्यावर तीन ओळी भरल्या.

१६ जानेवारी, रवि.
जेवणात वरण, अंबाडी. काल अंबाडी, वरण. तक्रार नाही, नोंद आहे.

आम्ही ढिवर. नदीकाठी घर, आणि चार महिन्यांत चुलीवर मासोळी नाही. ज्या नदीनं माणूस नेलं, त्या नदीची मासोळी त्या घरात शिजत नाही. देह सापडला तर सुटका. नाही सापडला तर पिठाचा पुतळा करायचा, रीतसर जाळायचा, मग सुटका. जातीतले म्हातारे दिवाळीपासून पुतळ्याचं सुचवतात. माय ऐकून घेते आणि गाईला पाणी दाखवायला उठते. दिवसातून पाच वेळा पाणी पिते ती गाय.

२३ जानेवारी
सिरोंच्याकडचा नावाडी घाटावर थांबला होता. त्यानं मायला सांगितलं की तिकडे एका तेलुगू गावात पुरातून वाचलेला एक माणूस आहे, डोक्याला मार आहे, नाव सांगत नाही. मायनं त्याला गूळ-पाणी दिलं. परतून आली ती चालणंच वेगळं.

मी नोव्हेंबरात सिरोंच्यापर्यंत जाऊन आलो आहे. तो माणूस पाहिला. साठीचा आहे. मायला तेव्हाच सांगितलं होतं. तिनं ते ऐकलंच नाही असं दिसतं. आज पुन्हा सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी
कौसल्या, सदाची बायको, दिवस भरत आले तिचे. मी तिचा भासरा, म्हणून माझ्याशी बोलत नाही, समोर येत नाही. भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला की आहे म्हणायचं. कुंकू लावते. मायची तशी ताकीद आहे.

हे कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. श्रावण-भादव्यात घरची सुकी मासोळी संपली होती. कौ.ला तिसरा महिना, मासोळीवर जीव गेला तिचा. सदा म्हणाला, आणतो. पाणी चढलं होतं. दारातून मला हाक मारली, "दादा, वल्हं धराले येतो का?" मी तपासणीसाठी हजेरीपट नीट करत होतो. म्हटलं, उद्या जाऊ.

तपासणीला साहेब आलेच नाहीत.

११ फेब्रुवारी
माझी बायको गेली तेव्हा मी रडलो होतो. आठ दिवस. लोकांनी धरून जेवायला बसवलं होतं. या वेळी काहीच नाही. शाळा भरते, सुटते. मला काही वाटत नाही, आणि त्याची लाज तेवढी वाटते.

२ मार्च
पहाटे कौ. बाळंत झाली. मुलगा. सुईण तुळसाबाई होती. माय बाहेर येऊन म्हणाली, "नाक सदाचंच." मी आत गेलो नाही, रीत नाही. शाळेत गेलो. पोरांना गूळ वाटला.

८ मार्च
होळी. आमच्याकडे नाही.

पोर रडतं. तिसऱ्या दिवसापासून रडतं आहे. कौ.ला दूध उतरलं नाही. तुळसाबाईनं मेथी, डिंक, सारं करून पाहिलं. शेळीचं दूध पाजलं तर पोटात राहत नाही.

१० मार्च
रडणं कमी झालं. मला बरं वाटलं. तुळसाबाई मला ओट्यावरून ओरडली, "मास्तर, शांत झालं म्हणून खुश नोको होऊ. त्याले रडाची ताकद नाई रायली."

मग मायकडे वळली. "चंपाबाई, बाळंतिणीले सुक्या मासोळीचा रस्सा पायजे. तुले मी सांगाव का? तुले दोन्ही वेळा मीच पाजला. माझ्या सासूनं केला होता."
माय म्हणाली, "घरात नाई चालत."
"मंग पुतळा करून मोकळी हो."
"माझा पोरगा जित्ता आहे."
"आणि हा?" तुळसाबाईनं आत बोट दाखवलं.

माय गाईकडे गेली.

१२ मार्च, शनि.
रात्रभर विचार केला म्हणता येणार नाही, झोप लागली. सकाळी डोक्यात आपोआप आलं: नियम नदीचा आहे. गावामागे बोडी आहे. बोडीचं पाणी पावसाचं, बांध आजोबांच्या वेळचा. बोडीतल्या मासोळीनं कोणाला नेलं?

मायला सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुले जाळं फेकता येते?"
म्हटलं, येतं.
"सातव्या वर्षी अहेरीले शाळेत घातलं तुले. येते म्हणे."

पण नाही म्हणाली नाही.

१३ मार्च, रवि.
बोडीवर. पाणी निम्म्यावर आलं आहे. सदाचं जाळं आढ्यावरून काढलं, त्याच्या गाठी त्याच्या हातच्या. पहिली चार वेळा जाळं वाटोळं न पडता गोळा होऊन पडलं. म्हशी धुणारे हसत होते. हसू दे. संध्याकाळपर्यंत टोपली पाऊण भरली. मरळ, बारीक मासोळ्या, झिंगे, मिशाळ असं काहीबाही. नीट पाहिलं नाही, अंधारत होतं आणि हातांना काटे टोचले होते. टोपलीवर पळसाची पानं घालून आणली.

माय दारात उभी होती. टोपली माझ्या डोक्यावरून तिनं स्वतः उतरवली. मागच्या अंगणात नेऊन एकटीच साफ करायला बसली. मला म्हणाली, "जा, आंघोळ कर."

रात्री ताजा रस्सा कौ.ला. मायनं मुंडकी शिजवली नाहीत, मागे खड्ड्यात पुरली. मरळीच्या डोक्यासाठी घरोघर भांडणं होतात. विचारलं तर म्हणाली, दुःखाचं घर आहे, मुंडकं नको.

१५ मार्च
उरलेली सुकवायची होती, रोज कोण जाळं फेकणार, शाळा आहे. चुलीवर बांबूची ताटी बांधली. पाठीतून चिरून, हळद-मीठ लावून मासोळी पसरली, खाली जाळ घातला. चांगला रसरशीत जाळ. अर्ध्या तासात मासोळी शिजून ताटीतून खाली गळायला लागली. मांजराची दिवाळी.

मायनं लाकडं ओढून बाहेर काढली. "हे भाजणं होय मास्तर, सुकवणं नाई. जाळ नाई पायजे, धूर पायजे. ऐनाच्या ओल्या ढलप्या घाल. अन् घाई नोको करू. दोन दिवस लागते, तीन लागते. मासोळीले कळलंच नाई पायजे का आपण वाळून राह्यलो."

सहा महिन्यांत एवढं एका दमात बोलली नव्हती.

१७ मार्च
घर धुरानं भरलं. डोळे चुरचुरतात. शाळेतली पोरं म्हणतात, गुरुजींच्या कोटाला वास येतो.
सकाळी भिंतीपलीकडून चोखण्याचा आवाज. मी हजेरी घ्यायला उशिरा गेलो.

१९ मार्च
दूध पुरेसं उतरतं आहे. तुळसाबाईनं पोराला पायांवर घेऊन मालिश केली, त्यानं तिच्या लुगड्यावर मुतलं. ती म्हणाली, आता जगते हा.

कौ. माझ्याशी बोलत नाही, पण पोराशी मोठ्यानं बोलते, मला ऐकू यावं म्हणून. आज: "मोठ्या बाबाले सांग, मीठ थोडं कमी करा म्हणाव." पुढच्या खेपेला मीठ कमी केलं.

२५ मार्च
पाडवा. गुढी नाही. मीही उभारली असती की नाही, ठाऊक नाही.
सुकलेली मासोळी टोपलीत पळसपानं घालून भरली. चुलीवर टांगली. पावसात पोराच्या आईला लागेल. वर पाहिलं की टोपली दिसते. आता भीतीही वाटत नाही आणि आनंदही नाही. भरलेली टोपली आहे, एवढंच.

३ एप्रिल, रवि.
बोडीवर तिसरी खेप. आता जाळं वाटोळं पडतं. उन्हं होती, म्हणून या वेळी तिथेच काठावर बसून निवडायला घेतलं, मायचा भार हलका व्हावा म्हणून.

तळहातात काटा घुसला. सरळ हाडाचा काटा, माशाच्या परातून आलेला. धरून पाहिलं. चार लांब मिशा, पाठीवर शिंगासारखा काटा, रुपेरी पोट. शिंगाळा. टोपली उलटी केली. आणखी तीन.

आमचा बा म्हणायचा, आपल्या बोडीत शिंगाळा कधी घावत नाही, त्याला वाहतं पाणी लागतं. बा गेल्याला अकरा वर्षं झाली. वाक्य जसंच्या तसं आठवलं.

काठावर बसून राहिलो. भादव्यात पाणी शाळेच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं. मी स्वतः खडूनं खूण केली आहे. बोडी शाळेच्या खाली आहे. बांधावरून नदी आत शिरली, उतरली तेव्हा आपली मासोळी इथे ठेवून गेली. भूगोल शिकवतो मी. सरकार त्याचा पगार देतं.

तीन आठवडे त्याच पाण्याचं खाऊ घालतो आहे. त्याच पुराचं.

तिथेच चारी शिंगाळ्यांची मुंडकी कापली, बाभळीखाली पुरली. धडं टोपलीत टाकली. मुंडकं नसलं की कोण कोणता ते मला तरी ओळखू येत नाही. फेकून का दिली नाहीत? माहीत नाही. हात थांबला नाही.

५ एप्रिल
मायला सांगायला पाहिजे. सांगितलं तर रस्सा बंद. रस्सा बंद तर दूध. आणि सांगितलं नाही तर मी आपल्या आईला फसवून तिच्या मुलाच्या

पुढे लिहिता आलं नाही. शाळेत गेलो.

७ एप्रिल
पोर हसतं म्हणे. पाहिलं नाही अजून.

१० एप्रिल, रवि.
बोडीवर एकटाच. पुन्हा दोन शिंगाळे. बाभळीखाली खड्डा करत होतो. मागे सावली पडली. माय. काठी टेकत एवढ्या उन्हात आली होती, डोक्यावर पदर, पायात काही नाही.

"का पुरून राह्यला?"

ती वाकली, खड्ड्यातलं एक मुंडकं मिशीला धरून उचललं, पाहिलं, परत टाकलं.

"एवढा खड्डा उथळ आहे. कुत्रे उकरते. मी मागच्या अंगणात हातभर खणतो."

मला कळलं नाही. मग कळलं.

"माय, तुला माहीत होतं?"
"पहिल्याच दिवशी तीन होते टोपलीत. साठ वर्षं मासोळी कापून राह्यली मी. तू पाहत नाई मासोळी, तू आणते."
"मग शिजवली का?"

ती बांधावर बसली. पाण्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. "पोरगं रडत नव्हतं ना रे त्या दिवशी," म्हणाली.

दोघं घरी आलो. टोपली मी घेतली. ओट्यावर मायनं विचारलं, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, की आता काय करायचं. तर आतून कौ.चा आवाज. पोराशी बोलत होती, पण एकेक शब्द सुटा.

"सांग आजीले, सांग मोठ्या बाबाले, तुझ्या मायले पहिल्या घोटालेच कळलं होतं. मी नदीकाठची पोरगी होय. वाहत्या पाण्याची चव मले नाई कळत का? डोळे मिटून प्यायली. तुले पाजाचं होतं म्हणून प्यायली. आता कोणी मले इचारू नोका."

मायनं पदर तोंडात धरला.

मला राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. पण आला. सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं. इतके दिवस तिघांनी तीन ठिकाणी एकच गोष्ट लपवली, आणि एकाच चुलीवर जेवलो.

११ एप्रिल
सकाळी रस्सा झाला. मुंडक्यांसकट.

१७ एप्रिल
दोडकूभाऊ आले, जातीतले वडील. मासोळीबद्दल त्यांना ठाऊक असावं, धूर सगळ्या गावाला दिसतो. विषय काढला नाही, भला माणूस. बोलले ते अक्षयतृतीयेबद्दल. त्या दिवशी घरोघर गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरून ठेवतात, पत्रावळ वाढतात. "बाई, अखिती आठ दिवसांवर आली. बापाची घागर ठेवता, पोराची नाई ठेवाची? सात महिने तो तहानेला आहे. पुतळा आधी करून घ्या, मी भटजीले सांगतो."

माय म्हणाली, "माझ्या हातानं त्याले जाळू?"
"तुमच्या हातानं नाई. मास्तर करंल."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माय म्हणेल तसं. हे भित्र्याचं उत्तर होतं. दोडकूभाऊ उठले, चहासुद्धा राहिला.

माय रात्री जेवली नाही. झोपायला जाताना एवढंच म्हणाली, "जाळला, तर मंग रोज सकाळी घाटावर कायले जाऊ?"

१८ एप्रिल
ती रोज घाटावर जाते हे मला ठाऊक होतं. सकाळी उठायला काही कारण हवं म्हणून जाते, हे ठाऊक नव्हतं.

२१ एप्रिल
कुंभाराकडून एक घागर आणली. बाची. दोन आणाव्या का, असं दारात उभं राहून दहा मिनिटं वाटत होतं. कुंभारानंही दोन पुढे सरकवल्या होत्या. एकीचेच पैसे दिले.

पोराला आज पाहिलं. माय बाहेर घेऊन आली होती. माझं बोट धरलं. पकड चांगली आहे. नाक सदाचंच आहे, माय खोटं बोलली नव्हती.

संध्याकाळी शाळेमागे जाऊन बसलो आणि रडलो. फार वेळ नाही. सदाला म्हटलं, हजेरीपट तसाच आहे रे, कोणी पाहिला नाही.

२५ एप्रिल
अक्षयतृतीया. सकाळी ओसरी सारवली. बाची घागर पाटावर ठेवली, सूत गुंडाळलं, वर आंबा. पाणी भरलं. मायनं वडे, कुरडया, आंब्याचा रस केला. पत्रावळ वाढली. हात जोडले. सदाबद्दल कोणी बोललं नाही.

तेवढ्यात आतलं दार वाजलं. कौ. बाहेर आली. माझ्यासमोर, पदर डोळ्यांपर्यंत, एका काखेत पोर आणि दुसऱ्या हातात घागर. नवी. कधी आणवली, कोणाकडून, विचारलं नाही. कपाळावर कुंकू होतं. तिनं घागर बाच्या घागरीशेजारी ठेवली आणि मागे सरून भिंतीला टेकून उभी राहिली.

मी मायकडे पाहिलं. मला वाटलं, आता उचलून फोडते. ती नुसती पाहत होती.

मग मला म्हणाली, "रिकामी नोको ठेवू. अवलक्षण दिसते."

मी तांब्या घेतला. ओतायला लागलो. अर्ध्याला आली तसा मायनं माझा हात मनगटाजवळ धरला.

"बस."
"भरू दे ना, माय."
"नाई. एवढंच."

तिनं हात सोडला नाही. कौ. काही बोलली नाही, पोराशीसुद्धा नाही. तांब्यात पाणी शिल्लक होतं, माझा हात अवघडला होता. मी तसाच उभा राहिलो.